मोगऱ्याला गेलेलं पाणी

सातपूरच्या एका कारखान्यात मी सात वर्षं कंत्राटावर विजेचे स्विच जोडले. त्या सात उन्हाळ्यांत आमच्या गॅलरीतला मोगरा जेवढं पाणी प्यायला, तेवढं मी प्यायले नाही. सकाळी बाटली भरून न्यायची, पाळी सुटली की तशीच भरलेली घरी आणायची आणि कुंडीत ओतायची. शेजारणी विचारायच्या, खत कुठलं घालता हो?

कारण साधं होतं. बायकांचं बाथरूम दुसऱ्या शेडच्या टोकाला होतं. लाइनवरून एक बाई उठली की तिच्यापुढच्या सगळ्या हातावर हात धरून बसायच्या आणि सुपरवायझर घड्याळ बघायचा. मग कोण पितंय पाणी? वर पत्रा भाजून काढत असला तरी आम्ही ओठ ओले करण्यापुरता घोट घ्यायचो. पाळीभर एकदाही न उठणारी बाई आमच्यात शहाणी. मी त्यात पटाईत होते आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता.

शेवटच्या उन्हाळ्यात मला उन्हाळी लागली. लघवीला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. आठवडाभर कळ काढली, मग ताप भरला तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून आणायला लावली आणि रिपोर्ट बघून चष्मा काढला.

"डाव्या किडनीला सूज आहे. तासातासाला पाणी प्यायचं आणि लघवी अजिबात दाबून ठेवायची नाही. नाहीतर किडनी गमावून बसाल."

नेमकं त्याच महिन्यात आमच्या लाइनवरच्या एकीला कायम करणार, अशी बातमी होती. किडनी वाचवायची तर जागेवरून उठायला हवं, आणि उठलं तर ती जागा गेली. घरी नवऱ्याला सांगितलं. बाहेर फक्त तिला सांगितलं.

ती म्हणजे माझ्या शेजारी बसणारी. निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशकात आलेली, सात वर्षं माझ्याच बसने येणारी. माझ्या डब्यातली चटणी ती न विचारता घ्यायची. मी सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ते डोळे खोटे होते असं मला आजही म्हणवत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

"लय झालं तुझं शहाणपण," ती म्हणाली. "आता गुपचूप पाणी प्यायचं. तू जा, तुझं काम मी ओढते. कोनाला कळनार नाय."

आणि तिने खरोखर ओढलं. मी उठले की माझ्यापुढचे स्विच ती आपल्याकडे घ्यायची, दोघींचे हात एकटीने चालवायची. रोज सकाळी रात्रभर भिजवलेल्या धने-जिऱ्याचं पाणी माझ्यासाठी आणायची. पंधरा दिवसांत आग थांबली. भरलेली बाटली तशीच परत आणणारी मी, आता रिकामी घेऊन येऊ लागले. मोगरा सुकायला लागला आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी हसू यायचं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका डबे उघडून बसलेल्या असताना, सुपरवायझर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, उन्हाळी लागलीय म्हणे तुम्हाला. डाव्या किडनीला सूजपण आहे म्हणे. मग तुम्हाला कायम करून कसं चालेल? लाइन काय बाथरूममधून चालवणार?"

दोघीतिघी हसल्या. डाव्या, असं तो म्हणाला होता. ते नवऱ्याला माहीत होतं, पण माझा नवरा रिक्षा चालवतो, त्याने कारखान्याचं गेटही ओलांडलेलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होती, खात नव्हती.

संध्याकाळी बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "तू सांगितलंस?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "मी काय खोटं सांगितलं का?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या बसमध्ये कळलं. महिनाअखेर ती कायम झाली. माझं कंत्राट पुढे वाढलंच नाही. मी घरीच शिवणकाम सुरू केलं. तिथे माठ हाताशी आहे, उठायला कुणाची परवानगी लागत नाही, किडनी ठणठणीत आहे. लोक म्हणतात, झालं ते बरंच झालं. झालं असेल. पण धने-जिऱ्याच्या पाण्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं.

यंदाच्या एप्रिलमध्ये ती मला बसस्टॉपवर भेटली. आता लाइन लीडर आहे, गळ्यात कार्ड. ओठांची सालं निघालेली, चेहरा ओढलेला. पिशवीच्या तोंडाशी बाटली दिसत होती, गळ्यापर्यंत भरलेली. तीच सरकून जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मला बी उन्हाळी लागलीय गं. लय आग होते. पन लाइन सोडून उठू कशी? बाया टपूनच असतात. माझ्याशेजारी एक बसते, चांगली आहे बिचारी. तिला सांगून बघू का?"

ती खरंच माझ्या तोंडाकडे बघत होती, सात वर्षं बघायची तशी. पाणी पी, एवढं तरी म्हणायला हवं होतं. माझ्या पिशवीत रिकामी बाटली होती आणि जिभेवर तेच दोन शब्द होते.

"नको," मी म्हणाले. "तिला अजिबात सांगू नकोस."

तिने मान खाली घातली. तिची बस आधी आली.