नेस्टर सालो सावकाश जेवायला शिकला

नेस्टर सालो कसा जेवायचा, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. रविवारी दुपारी तो आमच्याकडे यायचा. माझी मोठी बहीण साइमा त्याला वाडगाभर दुधातलं माशाचं कालवण वाढायची, आणि ती स्वतःचं वाढून घेऊन खुर्ची पुढे ओढेपर्यंत समोरचा वाडगा चाटूनपुसून लख्ख. मग हा बाबा उठायचा, वाडगा भांडी घासायच्या टबात बुडवायचा, टोपी चढवायचा, दाराशी ‘आभारी आहे’ म्हणायचा आणि चालू पडायचा.

तसा माणूस लाखात एक. फिनलंडहून मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा एकटा अमेरिकेत आला आणि सुपीरियर तलावाकाठच्या जंगलांत झाडं पाडत राहिला. एकदा झाड भलत्याच बाजूला कोसळलं, पाय कायमचा अधू झाला, म्हणून गावात येऊन आरागिरणीत करवतींना धार लावू लागला. आमच्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी लागणारी लाकडं तो न सांगता फोडून रचून ठेवायचा. त्या लाकडांमागे काय आहे ते साऱ्या गावाला कळलं होतं, फक्त ताईला खात्री वाटत नव्हती.

“हा येतो कशासाठी गं? माझ्यासाठी की कालवणासाठी?” ती मला विचारायची.

“दोन्हींसाठी.”

“मग कालवण संपलं की पळतो कसा?”

ताईचा पहिला नवरा खाणीत कामाला होता. तो जेवताना तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचा, आणि ताईने इतकी वर्षं त्या वर्तमानपत्राशीच संसार केला. तो गेल्यावर ती म्हणाली होती, एकटीने जेवायचं मला भय नाही, पण माणूस समोर असून एकटीने जेवायचं पुन्हा होणार नाही. नेस्टर तिला मनापासून आवडत होता, म्हणून तर तिचा जीव कासावीस व्हायचा.

शेवटी एका रविवारी तिने त्याला दाराशी गाठलं. “हे बघा नेस्टर, माझं जेवण व्हायच्या आत उठायचं असेल, तर यापुढे येऊ नका.”

त्याचा चेहरा उतरला. “प्रयत्न करतो,” एवढंच म्हणाला.

प्रयत्न केलाही बिचाऱ्याने. पुढच्या रविवारी त्याने मोठ्या चमच्याऐवजी कॉफीचा चमचा मागून घेतला. पण तो इवलासा चमचाही असा काही चालला की टेबलावरची मीठदाणी नाचायला लागली! संपल्यावर उठला मात्र नाही. दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरून ताईच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बसला. “असे बघत राहिलात तर मी उपाशी मरेन,” असं म्हणून ताईनेच त्याला घरी धाडलं.

त्यानंतरच्या रविवारी मात्र नवल घडलं. नेस्टर चिमणीसारखा एकेक दाणा टिपत होता. ताई खुलली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे सरकवत म्हणाली, “आज काय बुवा, फार निवांत!”

“खानावळीत पोटभर जेवून आलो,” नेस्टर भाबडेपणाने म्हणाला. “म्हणजे इथे घाई होणार नाही.”

ताईने हातातलं फडकं आपटलं आणि आत निघून गेली. मी सकाळपासून तिला मासे साफ करताना पाहिलं होतं, त्यामुळे माझं डोकंच फिरलं. मी त्याला अंगणात गाठून विचारलं, “काय हो नेस्टरराव, जेवताना तुमच्यामागे अस्वल लागतं का?”

त्याने हातातली टोपी चुरगाळली. मग म्हणाला, “जंगलातल्या कॅम्पात टेबलावर बोलायची बंदी असायची. आचाऱ्याचा नियम. बोलणं झालं की भांडणं होतात, भांडणं झाली की कामाला उशीर. बसायचं, गिळायचं, वाडगा टबात टाकायचा. अजूनही टेबलावर सगळे गप्प झाले ना, की हात आपोआप सुटतो. मला आवरत नाही.”

मी कपाळावर हात मारला. आमच्या टेबलावर तर स्मशानशांतता! पाहुण्याला निवांत जेवता यावं म्हणून ताई मिठाची गुळणी धरून बसायची, आणि मी आगाऊपणा करू नये म्हणून टेबलाखालून मला चिमटे काढायची. आम्हीच तर त्याला कॅम्पात नेऊन बसवत होतो!

“अजून एक रविवार,” मी ताईची समजूत घातली. “एकच.” ती कशीबशी तयार झाली.

त्या रविवारी नेस्टरने पहिला चमचा उचलला, तशी मी खणखणीत आवाजात विचारलं, “नेस्टरराव, तो आचारी होता तरी कसा?”

चमचा हवेतच थांबला. त्याने दचकून मागे दाराकडे पाहिलं, जणू तो आचारीच आत येतोय! ताईचा चिमटा आलाच. पण नेस्टरने चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, “जाडा.”

ताईला फिसकन हसू फुटलं. त्या हसण्याने त्याला धीर आला. “एकदा एका नव्या गड्याने सूप पिऊन ‘वा!’ म्हटलं. आचाऱ्याने त्याचा वाडगा उचलून बर्फात फेकला. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर काय, गडी बाहेर बसून कुऱ्हाडीने सूप फोडून खातोय!”

ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तीही बोलायला लागली. पहिल्या नवऱ्याचं, त्या वर्तमानपत्राचं, आणि मलाही कधी सांगितलं नव्हतं असं काय काय. ती बोलायची तेव्हा नेस्टरचा चमचा खालीच असायचा. एक घास, मग गप्पा, मग पुन्हा एक घास. कालवणावर साय धरली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की माझी चिमटे खाऊन लाल झालेली मांडीसुद्धा दुखेना.

आणि ताईचा वाडगा आधी रिकामा झाला.

नेस्टरने तो पाहिला. “तुमचं झालं. उठणार?”

“नाही.”

त्याने चमचा उचलला, पुन्हा ठेवला. “साइमा, एक विचारायचं होतं.”

“आधी खा. गार झालं सगळं.”

“होऊ दे गार. मला रोजच इथे जेवायला आवडेल. कायमचं.”

ताई कानापर्यंत लाल झाली. टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा करत राहिली.

“सोमवारी आमच्याकडे शिळं असतं,” ती म्हणाली. “आणि मी फार हळू जेवते.”

“बसेन मी,” नेस्टर म्हणाला.