साप, हार्ट अटॅक आणि शुक्रवारची भजी

किश्शांचं प्लास्टिकच्या पिशव्यांसारखं असतं बघा. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक दिवस सिंकखालचं दार उघडावं तर भसकन पायावर येतात! मी शाळेची पायरी चढले नाही, त्यामुळे माझा सगळा साठा डोक्यात. आता मी सांगते आणि सून सुजाता लॅपटॉपवर उतरवते. मध्येच हात थांबवून विचारते, "आई, हे लिहायचं?" मी म्हणते, लिही!

आम्ही राहतो मस्कतजवळ, अल मवालेहला. मुलगा प्रकाश इंजिनिअर. आसपास आमची महाराष्ट्रातली बारा बौद्ध घरं आहेत. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, पाळीपाळीने एकेकाकडे बुद्धवंदना. ती झाली की चहा आणि कांदाभजी. मुलं वंदनेला येतात ती भजीसाठी, आणि खरं सांगू, मोठेही!

त्या बारा घरांतला विलास गेल्या वर्षी गेला. अडतीस वर्षांचा. निझव्याला साइटवर नोकरी, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. त्याने आत्महत्या केली. हा शब्द सुजाताने दोनदा पुसला, म्हणून तिसऱ्यांदा समोर बसून लिहून घेतलाय. मागे बायको प्रमिला, इथल्याच एका शाळेत टीचर, आणि नऊ वर्षांची केतकी. नागपूरला सगळं उरकून दोघी परत आल्या. आल्या दिवशीच प्रमिला मला म्हणाली, "मावशी, मार्चपर्यंत बघते. इथं राहणं जमलं तर राहीन, नाही तर केतकीला घेऊन जाईन."

पुढचे किस्से त्या मार्चच्या अलीकडचे.

*

आमच्या वंदनेची व्यवस्था भालेराव बघतात. साठीचे गृहस्थ, शिस्तीचे. विलास गेला त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, "हे बघा, कोणी विचारलं तर आपण हार्ट अटॅक म्हणायचं. मुलांनाही तेच सांगायचं. विषय खलास."

सगळ्यांनी माना हलवल्या.

पंधरा दिवसांनी शुक्रवारी जाते तर काय, भजी नाहीत! ताटलीत उकडलेले चणे. विचारलं तर कळलं, सगळ्यांनी तेल बंद केलंय. अडतीस वर्षांचा माणूस हार्टने जातो म्हणजे काय! कोणी चालायला लागलं, कोणी रक्त तपासून आलं. भालेराव तर पट्ट्यावर पळायची टेस्ट करून आले.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, हार्ट अटॅक तुम्हीच काढलात ना?"

"हो मावशी," भालेराव हळूच म्हणाले, "पण रिस्क कशाला घ्या!"

*

मोठी माणसं हॉलमध्ये हार्ट अटॅक म्हणायची आणि बायका किचनमध्ये खरं बोलायच्या. खरं म्हणजे काय, तर चौकशी. रोहिणी त्यात पुढे. तिचं घर आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. चहा गाळता गाळता म्हणाली, "उगाच कोणी असं टोकाचं करत नाही. घरात काहीतरी असणारच."

मी म्हटलं, "असणारच की. तुझ्या घरात काही नाही?"

चहाचं गाळणं हातात तसंच राहिलं. बाकीच्या बायकांना एकदम आपापले कप धुवायचे सुचले.

जाताना दारात रोहिणी म्हणाली, "मावशी, तुमच्याशी बोलायचं म्हणजे भीतीच वाटते."

मी म्हटलं, "मग प्रमिलाला किती वाटत असेल!"

*

आमच्या शेजारी हमीदा राहते, रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचा इथल्या भाजी मार्केटात गाळा आहे. तिच्या घरची रीत अशी, की मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटू द्यायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं. प्रमिला नागपूरहून परत आली तेव्हा विलासला जाऊन महिना होत आला होता. हमीदा म्हणाली, "इकडच्या घरात ती आजच शिरलीय ना? मग इकडचे तीन दिस आजपासून."

झालं. भाताचा मोठा टोप घेऊन निघाली. मी रश्शाचा डबा घेऊन मागे. लिफ्टमध्ये आमच्यातल्याच एक बाई भेटल्या. टोप कुठे चाललाय ते कळल्यावर आवाज खाली करून म्हणाल्या, "पण हमीदा, तुमच्या धर्मात तर हे फार मोठं पाप मानतात ना?"

हमीदाने मान वर करून लिफ्टच्या छताकडे बघितलं.

"पाप बघनारा वर बसलाय. माझे हात पोलतायत. तुमी आदी चौथा माला दाबा!"

*

नातू आर्यन केतकीपेक्षा एका वर्षाने मोठा. स्कूल बसमध्ये दोघं एकत्र. त्याचं मराठी इंग्लिशला टेकून चालतं. एक दिवस दप्तर टाकलं आणि विचारलं, "आजी, केतकीचे पप्पा कसे गेले? बसमध्ये एक जण बोलला, हार्ट नव्हता."

सुजाताने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी म्हटलं, "नव्हता. त्यांचं मन आजारी होतं."

"म्हणजे मनाला फिवर आला?"

"तसंच समज."

"मग थर्मामीटर लावून कळतो?"

"नाही रे. विचारावं लागतं. बरं वाटतंय का, झोप लागते का, जीव नको-नकोसा होतो का, असं."

त्याने बूट काढले. मग म्हणाला, "पप्पा, भालेराव अंकल, सगळे त्यांचे फ्रेंड होते ना? मग कोणी विचारलं?"

मी म्हटलं, "जा, आधी हात धू."

*

हात त्याने धुतले, पण मला काही चैन पडेना. शनिवारी दुपारी जेवताना मी प्रकाशला सरळच विचारलं, "काय रे, तुला कधी जगणं नकोसं झालंय का?"

त्याला ठसकाच लागला! पाणी पिऊन म्हणाला, "आई, अगं काय हे! मॅनेजरशी थोडं वाजलंय फक्त!"

"बरं," मी म्हटलं, "भाजी घे."

त्याने भाजी घेतली. मग चपाती ताटात ठेवली आणि त्या मॅनेजरबद्दल बोलायला लागला. मॅनेजरवरून कामावर, कामावरून विलासवर. विलासने जायच्या आधीच्या गुरुवारी फोन केला होता, आणि हा म्हणाला होता की मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. हे त्याने तोवर सुजातालाही सांगितलं नव्हतं.

तासभर बोलला. भाजी गार झाली. उठताना म्हणाला, "आई, पुढच्या शनिवारी पण विचार."

*

आता प्रमिलाचं. आमच्या बायकांनी ठरवलं होतं की तिला काही म्हणजे काही त्रास द्यायचा नाही. शुक्रवारी प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा असतो. हिला सांगितलं, "तू काही आणू नकोस गं, नुसती ये." आली, तर सुरी हातातून काढून घेतली. "तू बस." बसली, तर बोलणं थांबलं. हात मोकळे असलेल्या बाईला दुसऱ्याच्या किचनमध्ये उभं राहायला जागा नसते. ती हॉलमध्ये गेली, तिथे पुरुष. मग बाल्कनीत जाऊन लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत उभी राहिली.

वंदनेची पाळी घरांच्या यादीप्रमाणे येते. तिचं घर आलं, भालेरावांनी ग्रुपवर पुढचं नाव टाकलं. कारण काय, तर "तिला त्रास नको." यादी फिरून पुन्हा तिथेच आली, पुन्हा पुढचं नाव. वंदनेच्या शेवटी आमच्यात घरोघरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतात आणि केलेलं पुण्य त्यांच्या नावे देतात. त्यात विलासचं नाव नाही. "उगाच तिला रडू येईल."

मार्च तोंडावर आला. एक दिवस भाजी घ्यायला आम्ही दोघी मार्केटात गेलो. टोमॅटो निवडताना ती म्हणाली, "मावशी, शाळेला राजीनाम्याचं लेटर लिहून ठेवलंय. रविवारी देते."

"जमलं नाही?"

"कोणी वाईट बोललं नाही हो. सगळे फार जपतात." एक टोमॅटो उचलून तिने परत ठेवला. "पण वर्षभरात माझ्यासमोर कोणी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. केतकी परवा विचारत होती, 'आई, पप्पांनी काही चोरी केली होती का?'"

*

हा एक किस्सा जुना आहे, गावचा. सुजाताला तो पुरता आजच कळतोय, म्हणून तिचा हात थांबलाय. लिही गं.

माझा थोरला भाऊ किसन. बावीस वर्षांचा होता. मी बारा-तेराची. तो असाच गेला. तेव्हा हार्ट अटॅक आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता, साप होता. जाणत्या चार माणसांनी ठरवलं, साप चावला म्हणायचं. गावाने म्हटलं. आम्हीही म्हटलं. माझ्या लग्नात सासरच्यांना तेच सांगितलं.

माझ्या आईला खरं काय ते माहीत होतं. तिनेच तर त्याला आधी बघितलं होतं. पण त्या दिवसापासून ती रोज दिवेलागणीला काठी घेऊन निघायची आणि घराभोवतीचं गवत झोडपायची. कुंपणाची झुडपं तोडली, लाकडाची मोळी दारातून हलवली. मी एकदा विचारलं, "आये, काय शोधतीस?"

"साप," ती म्हणाली.

मरेपर्यंत शोधत होती.

*

मार्केटातून आले आणि सुजाताला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावला. आमच्या बारा घरांच्या ग्रुपवर टाकला. "या शुक्रवारी पाळी आमची आहे. आमच्याकडची वंदना प्रमिलाकडे होईल. सगळ्यांनी यायचं." खलास!

प्रमिलाला आधीच विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, येतील का कोणी?"

"नाही आले तर सतरंज्या कमी धुवाव्या लागतील."

शुक्रवारी दहाची वेळ. दहा वाजता हॉलमध्ये आम्ही घरचे चौघं, प्रमिला आणि केतकी. केतकीने पांढरा फ्रॉक घातला होता आणि चाळीस कागदी कप मांडले होते. सव्वादहा. केतकीने वीस कप परत पिशवीत भरले. तेवढ्यात बेल वाजली. हमीदा! तिचा वंदनेशी काय संबंध? हातात कांद्यांची जाळी. "नवऱ्याने दिलेत. आज म्हने लय मानसं जेवायची हायत."

मग भालेराव आले, बायकोला घेऊन. त्यांच्या मागून एकेक. साडेदहापर्यंत नऊ घरं भरली. रोहिणी आली नाही. आजही माझ्याशी लिफ्टपुरतं बोलते. केतकीने पिशवीतले कप पुन्हा काढले.

वंदना झाली. भालेरावांनी डायरी उघडून गेलेल्यांची नावं वाचली, डायरी मिटली. मी म्हटलं, "भालेराव, दोन नावं राहिली."

"कोणती, मावशी?"

"एक विलास. दुसरा माझा भाऊ किसन. त्याला साप चावला नव्हता. तोही विलाससारखाच गेला. चांगला होता हो. मला खांद्यावर बसवून ओढा पार करायचा."

प्रकाश माझ्याकडे बघतच राहिला. पन्नासच्या वर वर्षं मी त्याचा मामा सापाने मारला होता. मला वाटलं, आता सगळे उठून जातात.

भालेरावांनी पेन काढलं. विलास लिहिलं. किसन लिहिलं. पेन तसंच कागदावर धरून बसले. त्यांच्या बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक माझंही आहे," ते म्हणाले. "धाकटा भाऊ. आम्ही घरी अपघात सांगतो."

केतकी कपांच्या मागून म्हणाली, "अंकल, त्यांचं नाव काय होतं?"

"सुनील."

"मग लिहा ना."

त्यांनी लिहिलं. तिन्ही नावं मोठ्याने वाचली. विलासचं नाव आलं तेव्हा प्रमिला रडली. केतकी रडली नाही, तिने फक्त वळून आईकडे बघितलं, ऐकलंस ना, अशा नजरेने.

मग प्रमिला उठली. डोळे पुसले, ओढणी कमरेला बांधली. किचनमध्ये कुकरभर उकडलेले चणे तयार होते. त्यावर तिने झाकण ठेवलं आणि आतूनच आवाज दिला, "हमीदाताई, ते कांदे इकडे द्या. प्रकाश भाऊजी, कढई वर ठेवलीय, काढून द्या. मावशी, तुम्ही पीठ भिजवा."

तेल तापल्याचा वास हॉलमध्ये आला तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळी भालेरावांकडे बघायला लागली.

भालेरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि किचनच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"प्रमिला," ते म्हणाले, "माझी जरा कुरकुरीत काढ."