ताईच्या सासऱ्यांची फेलोशिप

सोबतच्या माणसाला शरमेनं मान खाली घालायला लावण्यात माझ्या ताईच्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस उभ्या सातारा-सांगली जिल्ह्यांत सापडायचा नाही. आयुष्यभर त्यांनी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर मोबाइलवरच्या फसवणुकीविरुद्ध एकट्यानं आघाडी उघडली. भाजी घेतली की पैसे देताना मोबाइलवर उमटलेलं नाव ते मोठ्यानं वाचत आणि भाजीवाल्या मावशींना विचारत, "हे तुमचंच कशावरून?" मावशी म्हणायच्या, "आवं, पोराचं नाव हाय त्ये." "मग पोराला बोलवा." मागं रांग वाढत जाई आणि मी कोथिंबिरीच्या ढिगात तोंड लपवायला जागा शोधत असे. सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण मोबाइलवर आलं, ते त्यांनी न उघडताच पुसून टाकलं आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून भावाशी दिवाळीपर्यंत अबोला धरला. घरच्या वायफायचा पासवर्ड इतका लांब, की मी तो टाइप करून होईपर्यंत त्यांची तो बदलायची वेळ झालेली असे. एकदा साताऱ्याच्या माझ्या दुकानातून मी नव्या नंबरवरून फोन केला, तर पलीकडून प्रश्न आला, "ताईच्या लग्नात पंगतीत काय सांडलं होतं?" म्हटलं, "बासुंदी." "कुणाच्या अंगावर?" "तुमच्या." "कुणी सांडली?" "मी." "हं. बोला, पाव्हणं." हा कबुलीजबाब मी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत दिला होता.

अशा माणसाला एका बाईंचे फोन येऊ लागले. कॉम्प्युटर क्षेत्रातल्या मंडळींच्या एका संस्थेनं तुम्हाला मानद फेलो करायचं ठरवलंय, असं त्या सांगायच्या, आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगण्याआधीच इकडून फोन कट व्हायचा. पुढचा फोन आला तेव्हा मी ताईकडे मुक्कामाला होतो. सासऱ्यांनी मुद्दाम स्पीकर लावला. "ऐका, पाव्हणं, माणसाला जाळ्यात कसं ओढतात ते."

"सर, यासाठी काही फी नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तुमचा एक फोटो आणि पत्ता हवा होता."

"आज फोटो, उद्या आधार, परवा खातं," ते म्हणाले. "काय गं, असली कामं करायला कुठल्या मास्तरानं शिकवलं तुला?"

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "सर, तुम्हीच."

"बघा, आता ओळख काढत्यात," म्हणत त्यांनी फोन बंद केला आणि मी, खोटं कशाला बोलू, हसून दाद दिली. त्यांनी तो नंबर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला: या बाईपासून सावध राहा, पुढं पाठवा. कराडकरांनी तो आज्ञाधारकपणे पुढं पाठवला.

दोन-चार दिवसांनी सांगलीहून त्यांचे जुने सहकारी घरी आले. चहा समोर होता, तो त्यांनी हातात घेतला नाही. "अहो, तुम्ही जिचा नंबर पसरवलात, ती संस्थेच्या आमच्या सांगली शाखेची सचिव आहे. तुमचीच विद्यार्थिनी. तुमचं नाव सुचवलं तेही तिनंच. आता तिला दिवसभर अनोळखी लोक फोन करून शिव्या घालतात. फोन बंद करून बसलीय बिचारी."

त्यांनी तिचं लग्नाआधीचं नाव सांगितलं आणि ताईच्या सासऱ्यांचा चेहरा पडला. आटपाडीकडची ती मुलगी. पहिल्या वर्षानंतर वडील तिला घरी बसवणार होते, तेव्हा हेच एसटीनं आटपाडी गाठून त्यांच्या दारात ठाण मांडून बसले होते. 'पोरगी शिकंल तर पांग फेडंल' असं वडिलांनाच पटवून उठले होते.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुटलेला मेसेज परत येत नाही, हे त्यांनीच गावाला शिकवलेलं. तरी मेसेज पुसा म्हणून सांगायला ते घरोघर हिंडले आणि मी मागं मागं. एका दारात निवृत्त सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी सर, तुमास्नी मान मिळाला का तुमी फेल झालासा?"

"दोन्ही, सुभेदार," ते म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

फेलोशिपचं मानपत्र घ्यायला सांगलीला जाणारच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. "कुठल्या तोंडानं जाऊ?" ताईनं कधी सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या दिवशी म्हणाली, "आहे त्याच तोंडानं जा, मामंजी. तुम्ही गेला नाहीत तर तिची आणखी शोभा होईल."

सांगलीपर्यंत गाडी मी चालवली. सभागृहाच्या दारातच ती उभी होती, चाळिशीची, चष्मा लावलेली. ती वाकायला गेली तसे ते मागं सरले आणि त्यांनीच हात जोडले. "पोरी, मी तुझा आवाजसुद्धा ओळखला नाही."

"कसा ओळखाल, सर?" ती हसून म्हणाली. "तुमच्या वर्गात चार वर्षं मी बोललेच कुठं? तुमची भीती वाटायची."

ती हे धीर द्यायला बोलली असावी. पण ज्या मुलीसाठी ते आटपाडीपर्यंत गेले होते, तिला वर्गात त्यांनी कधी बोलूच दिलं नव्हतं, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं. मंचावर शाल घेताना त्यांची मान वर झाली नाही. भाषणात त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, मेसेजसकट. लोकांना वाटलं, सर विनोद करताहेत. सभागृह खळखळून हसलं, तीही हसली. त्यांच्याकडे बघून मला मात्र खाली बघावंसं वाटलं, आणि या वेळी ते त्यांच्यामुळं नव्हतं; त्या फोनवर मीही असाच हसलो होतो.

हल्ली ते कुणाचाच फोन कापत नाहीत. ताई म्हणते, कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या मुली आता यांनाच कंटाळल्यात. परवा मी गेलो तेव्हा अशीच एक काहीतरी घाईघाईनं सांगत होती. त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं, मग विचारलं, "बाळ, तू कुठली? काय शिकलीस?" पलीकडून फोन बंद झाला. मी समोर बसलो होतो, पण माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. फोन तसाच कानाला लावून ते बराच वेळ वाट बघत राहिले.