हात मागं?

मंडळी, आज दुपारी गंगाखेडच्या घरात माझी टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत विजेच्या लांब ठिणग्या उडवणारं यंत्र, बऱ्याच महिन्यांनी काढली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायची आहे, त्याआधी व्होल्टेज किती येतंय ते बघायचं होतं.

एवढ्या व्होल्टेजला साधा मीटर लावला तर मीटरच जळतो. म्हणून आमी ठिणगी मोजतो. अर्थिंगची सळई कॉइलजवळ थोडी सरकवायची, हात मागं घ्यायचा, मग बटन दाबायचं; ठिणगी नाही आली तर परत थोडी जवळ. ठिणगी उडाली की कॉइल बंद करून अंतर मोजायचं. एका सेंटीमीटरला ढोबळ दहा हजार व्होल्ट धरायचे.

हे दोघांचं काम. बटनावर मी, सळईपाशी माझी बायको शोभा. दर वेळी मी विचारायचो, "हात मागं?" ती म्हणायची, "मागं हाय हो, दाबा की!" उत्तर आल्याशिवाय बटन दाबायचं नाही, हा नियम तिचाच.

शोभाला जाऊन वर्ष होत आलं.

आज सळई मीच सरकवली, बटनापाशी येऊन बसलो आणि सवयीनं ओरडलो, "हात मागं?"

आणि थांबलो.

स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "बाबा, कुणाला इचारायलाव?"

मग दाबलं. ठिणगी लय झकास उडाली. दहा सेंटीमीटर, म्हणजे लाखभर व्होल्ट.

उत्तर देणारं माणूस गेल्यावरही तोंडात येतच राहतो, असा एखादा प्रश्न तुमच्याही घरात आहे का?

माझं मोजमाप तिथंच संपलं होतं. तरी उठलो, सळई जराशी सरकवली, बटनापाशी आलो आणि परत विचारलं.