मलिद्याच्या ताटाची मागची बाजू

गेल्या मंगळवारी जळगावच्या बाजारात, कल्हईवाल्या चाचांच्या दुकानात, माझा दोन हजार वर्षांचा इतिहास पाच मिनिटांत धुतला गेला. आणि मी शाळेत इतिहासच शिकवते…

आधी ओळख करून देते, नाहीतर कमेंटमध्ये "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का?" सुरू होईल. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले. पणजोबा रेल्वेच्या नोकरीत चाळीसगावला आले आणि आम्ही पक्के खानदेशी झालो. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतो आणि शनिवारी शेवभाजी खातो (आदल्या दिवशी केलेली, शनिवारी आमच्यात चूल पेटवत नाहीत, आणि आई वाचतेय ही पोस्ट).

आमच्या घरात तांब्याचं एक मोठं ताट आहे. काही चांगलं घडलं, लग्न ठरलं, नवस फेडायचा असला की त्यात मलिदा भरायचा… भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सोबत पाच फळं, आणि मग एलियाहू हन्नबीची, म्हणजे आमच्या प्रेषिताची, प्रार्थना. फळांत केळी असतातच. जळगावात राहून केळी नाहीत असं कसं चालेल?

या ताटाचा एक नियम होता. मागची बाजू घासायची नाही! रेबेका आजी, म्हणजे आईची आई, कुणी मागे घासणी नेली की हातावर फटका द्यायची. त्यामुळे ताट पुढून लख्ख आणि मागून तव्यासारखं काळं. त्या काळ्या थराखाली, काठाजवळ, ठिपक्यांची एक ओळ बोटांना लागायची. वाचता मात्र यायची नाही.

आता जुनी अक्षरं, वाचता न येणारी, आणि आम्ही ज्यू… म्हणजे ती हिब्रूच, हे मी दहाव्या वर्षीच ठरवून टाकलं. आमच्या घरात हिब्रू कुणालाच वाचता येत नाही, प्रार्थना देवनागरीत लिहिलेल्या वहीतून म्हणतो. त्यामुळे मला खोडून काढणारंही कुणी नव्हतं.

पुढे मी त्यात भरही घातली. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याशी फुटलं, थोडीशी माणसं वाचली, आणि त्यांच्यासोबत हे ताट किनाऱ्याला लागलं… इथेच, याच वॉलवर, मोठ्या थाटात लिहिलं होतं मी. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले होते.

ती पोस्ट माझ्या मोठ्या भावाने वाचली. दादा बरीच वर्षं इस्राएलमध्ये, अश्दोदला आहे. तिकडे आपल्या लोकांच्या जुन्या वस्तू जपायला एक दालन करतायत, त्यात आपलं ताट हवंच, म्हणाला. जळगावात ज्यू म्हणून आमचं एकच घर. माझ्यानंतर ताटाचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं… मी हो म्हणाले. आणि मग दोन दिवस मला त्या ताटाकडे बघवेना. खरं सांगते, रडले.

दादाची एकच अट होती, मागची अक्षरं साफ करून फोटो पाठव. म्हणून आजीचा नियम मोडून मी चाचांकडे गेले.

चाचांनी ॲसिडचा बोळा फिरवला, वर चिंच चोळली, पाणी ओतलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ये तो मराठी है."

'चि. सौ. कां. रेबेका हिस मामाकडून. कौतिक तेली, चाळीसगाव.'

आमचं गलबत त्या दुकानात दुसऱ्यांदा बुडालं…

घरी येऊन ताट आईसमोर ठेवलं. एकच डोक्यात होतं, आजीला तर मामा नव्हताच! आई शांतपणे लसूण सोलत होती. "माहीत आहे मला," म्हणाली.

मग तिने सांगितलं… आजीच्या लग्नात सगळी तयारी झाली होती, पण पाठीशी उभा राहायला मामा नाही, म्हणून पणजी डोळे पुसत बसली होती. शेजारी कौतिक तेलींचा घाणा, तो सोमवारी बंद असायचा. आमच्या शुक्रवारच्या दिव्याचं तेल त्यांच्याकडचंच. कोकणात आमचे लोकही तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कौतिक तेली नेहमी म्हणायचे, "तुम्ही शनवारना तेली, आम्ही सोमवारना… भाऊबंदच!" ते आत आले आणि पणजीला म्हणाले, "मामा नही काय? मी शे ना!" हे ताट त्याच दिवसाचं.

मी चिडलेच. इतकी वर्षं मला बोलली का नाहीस?

"तू कधी विचारलंस, कुणी दिलं?" आई म्हणाली. "तू विचारायचीस, किती जुनं आहे."

आजी ते फटके का द्यायची, ते मला या वयात कळलं. घासून घासून मामाचं नाव झिजू नये, एवढंच होतं त्यात.

दादाला व्हिडिओ कॉल लावला, ताट मागून दाखवलं. वाटलं, हसेल. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली… मग म्हणाला, "इकडे नको पाठवूस. मामाचं ताट आहे, माहेरीच राहू दे."

तर मंडळी, जुनी पोस्ट मी काढलेली नाही. खाली दुरुस्ती लिहिली आहे… ताट गलबतातून आलं नाही, शेजारच्या घरातून आलं. इतिहासाच्या बाईंना एवढं तर जमायलाच हवं.

आणि चाळीसगावच्या कौतिक तेलींच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर येत्या रविवारी आमच्याकडे मलिदा आहे. ताट भरायला आजीच्या मामाकडचं कुणीतरी हवं… या.