फ्रिजला बांधलेलं नवं

नव्याच्या पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, आमच्याकडे फ्रिजलाही नवं बांधतात. फ्रिजला, मिक्सरला, गाडीला, शिवणयंत्राला आणि मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते तिथल्या मायक्रोस्कोपलासुद्धा. आंब्याच्या पानात भाताची पिकलेली लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल आणि गोंड्याचं एक फूल धरायचं, केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सालीनं, म्हणजे सोपानं, करकचून बांधायचं आणि घरात जे जे आपल्यासाठी राबतं त्याला ते अडकवायचं. हेच नवं. पूर्वी नांगराला आणि विहिरीच्या रहाटाला बांधत. आता नांगर कुठे आहे? पण राबणारं काहीतरी असतंच घरात, असं काकी म्हणते.

काका-काकी रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या गावात राहतात. त्यांना मूलबाळ नाही. आमचे आईवडील गेल्यापासून आम्हां दोघा भावंडांचं माहेर म्हणा, गाव म्हणा, सगळं तेच. मी रत्नागिरीत असते, म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणि तरी महिनोन् महिने जात नाही. भाऊ डोंबिवलीत असतो आणि गावाबद्दल माझ्या दहापट बोलतो. गणपतीला येतो, मे महिन्यात आंब्यापुरता येतो आणि नव्याला जमलं तर येतो. दोन वर्षांपूर्वी त्याला जमलं. वहिनीला आणि मुलाला घेऊन तो आदल्या दिवशीच आला. सकाळी मी, नवरा आणि मुलगी पोचलो तेव्हा स्वारी खाचरात जाऊन परतही आली होती.

अंगणात त्याने दोन्ही हातांत मावणार नाही एवढा भाताचा भारा आणून टाकला होता आणि खूश होऊन सांगत होता, "सगळ्यात देखणा भात कापून आणलाय. बाकीचा पावसानं झोपलाय, पण वरच्या कोपऱ्यातला बघ कसा उभा होता. आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकेक नवं देणार आहे मी. घराघरात."

काकी मागच्या पडवीत नारळ खवत होती. ती बाहेर आली, भाऱ्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"कोपरा सगला कापलास?" तिने विचारलं.

"सगळा," भाऊ म्हणाला. "एक लोंबी ठेवली नाही."

काकाने हातातला चहा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

तो कोपरा काकीचा होता. बाकीच्या खाचरात दरवर्षी बाजारातून आणलेलं बियाणं पडतं, पण वरच्या एका कोपऱ्यात काकी तिच्या माहेरचा लाल भात लावते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ओच्यात बांधून तिने तो आणला होता. त्याला नाव नाही. घरात त्याला पेजेचा भात म्हणतात, कारण आजाऱ्याला आणि बाळंतिणीला त्याचीच पेज. मीही ती प्यायले आहे, माझी मुलगी झाली तेव्हा. हा कोपरा सगळ्यांत शेवटी कापायचा, वेगळा झोडायचा, पेंढ्याची मुडी वळून तिच्यात बी भरायचं आणि मुडी माळ्यावर टांगायची, हा दरवर्षीचा शिरस्ता. बाकी कुठे हा भात उरलेला नाही. काकीच्या माहेरी आता काजूची बाग आहे, शेत करणारं कुणी नाही. मागच्या वर्षीची मुडी सगळी पेरून झाली होती. म्हणजे त्या भाताचं होतं नव्हतं ते सगळं बियाणं त्या क्षणी अंगणात पडलं होतं.

मी म्हटलं, "मग त्यात काय एवढं? चार लोंब्या नव्याला घेऊ. बाकीचं झोडून मुडीत भर."

"नव्याच्या नावानं कापलेला भात मुडीत नाय जात," काकी म्हणाली. "बांधायला कापलान, बांधूनच टाका."

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने कोपऱ्याची गोष्ट कधी ऐकलेलीच नव्हती, किंवा ऐकली असेल तर आमच्यासारखीच एका कानाने. तो म्हणाला, "काकी, मी मागवतो. हल्ली सगळं घरपोच मिळतं, देशी बियाणंसुद्धा."

"काय नावानं मागवशील?" काकीने विचारलं. ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

मला मात्र काकीचा राग आला. इतकी वर्षं जपलेलं बी समोर पडलंय, कुणी बघत नाहीये, देव काही हिशेब मागायला येणार नाहीये, आणि ही बाई नियमावर अडून बसली आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. काकाने मला हातानेच गप्प राहायला सांगितलं. काकी आत गेली आणि नारळ खवायला बसली. तिच्या माहेरचा तेवढा एकच जिता अंश उरला होता आणि तो आपल्या हातांनी आंब्याच्या पानात बांधायला ती तयार झाली होती.

मग आम्ही नवी बांधली. वहिनी पानं पुसून देत होती, माझी मुलगी कुरडूची फुलं लावत होती, काकी सोप पिळून गाठ मारत होती. गाठ तिचीच, कारण आमची सुटते. दाराला, तुळशीला, कणगीला, फ्रिजला बांधून झालं. आमच्या गाडीच्या आतल्या आरशाला तिने स्वतः बांधलं. माझ्या लॅबसाठी एक बाजूला ठेवलं. सोसायटीसाठीची टोपलीभर झाली. एकदा बांधलेलं नवं पुढचं नवं येईपर्यंत उतरवायचं नाही, हे तिने प्रत्येकाला पुन्हा बजावलं.

दुपारी सगळे खाचरात उतरलो. परतीच्या पावसाने आडवा केलेला भात कापायला अवघड असतो, कुठून धरावा कळत नाही. माझ्या नवऱ्याने लहानपणी कधी विळा धरला होता असं तो वीस वर्षं सांगत आला आहे. त्याने अर्ध्या तासात कंबर धरली आणि बांधावर बसून सगळ्यांना सूचना द्यायला लागला. वहिनी बदलापूरची, तिने याआधी भात फक्त पोत्यात पाहिलेला, पण तिचा हात बघता बघता बसला. मुलांनी खेकड्याची बिळं शोधली. मुठीमुठीने कापायचं, चार मुठींची पेंढी करायची, बांधावर ओळीने वाळत टाकायची. ऊन पाठीवर होतं पण बोचत नव्हतं, आणि ओल्या पेंढ्याचा तो गोडसर वास नाकात भरला होता. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पिकल्या तवशाचं, म्हणजे काकडीचं, गोड धोंडस, असं जेवण बांधावरच झालं. मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती, कारण वरचा रिकामा कोपरा सारखा दिसत होता.

भाऊ कोपऱ्याकडे पाठ करून कापत होता. काकीने नव्या तांदळाची खीर त्याला सगळ्यांत आधी वाढली, तर त्याने वाटी बाजूला ठेवली.

"खा रे," ती म्हणाली. "चांगला दिसला म्हनून कापलास. वायट दिसला असता तर कुनी हात लावला असता?"

दिवाळी गेली, शिमगा गेला. आमच्या दारावरच्या नव्यातले दाणे चिमण्यांनी केव्हाच फस्त केले होते, नुसती काडी लोंबत होती. मायक्रोस्कोपला बांधलेलं मात्र तसंच होतं, कारण लॅबमध्ये चिमणी यायला खिडकी उघडत नाही. वैशाखात एका दुपारी काकीचा फोन आला.

"बाय, तुझ्या त्या यंत्राला बांदलेला हाय काय अजून?"

आहे म्हटलं.

"मिरगाला घेऊन ये. आनि गाडी आन. आरशाचा सोडू नको, गाडीसकट आन."

नियम मोडायचा नव्हता आणि भातही सोडायचा नव्हता, म्हणून तिने सात महिने विचार करून वाट काढली होती. नवं उतरवायचं नसतं. पण बांधलेलं तसंच ठेवून नुसते दाणे ओरबाडून घ्यायला कुणाची मनाई आहे? पक्षी नाहीत का घेत? काका म्हणाला, "ही वकील व्हायची होती."

भावाला तिने तेच सांगितलं. तो सोसायटीत दारोदार फिरला. कुणी नवं दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिलं होतं, कुणाच्या दारावरचं कबुतरांनी खाल्लं होतं. काही घरांतून मात्र दाणे मिळाले. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींनी तर ते देवघरात ठेवलं होतं. भावाने वाटी पुढे करून दाणे मागितले तेव्हा, कोकणातला हाही काही सण असेल अशी समजूत करून घेऊन त्यांनी दाण्यांवर हळदकुंकू वाहिलं.

मृगाला भाऊ गावी आला. कॉलेजला मुंबईला गेल्यापासून पेरणीला तो पहिल्यांदाच आला होता. मी मायक्रोस्कोपचं नवं डब्यात घालून नेलं. ते यंत्रावरून सोडावंच लागलं, यंत्रासकट आणणं काही शक्य नव्हतं, आणि तेवढी सूट काकीने दिली. तिने अंगणात पाट मांडला, गाडीच्या आरशाची लोंबी, फ्रिजची लोंबी, सगळ्यांचे दाणे वेगवेगळ्या वाट्यांत काढले. काडी आणि सोप जागच्या जागी राहिले. मग दाणे भिजवले, फडक्यात बांधले आणि वर दगड ठेवला.

रुजतात की नाही, याची जेवढी धाकधूक मला होती तेवढी माझ्या परीक्षेच्या निकालाचीही नव्हती. आम्ही दोघांनीही रजा वाढवली. भाऊ दर थोड्या वेळाने गाठोड्याजवळ जायचा आणि काकी त्याला हाकलून लावायची. शेवटी तिने फडकी उघडली. गाडीतले दाणे काळपट होते, उन्हात बंद गाडीत भाजून निघाले असणार. सोसायटीतल्यांपैकी आजींच्या देवघरातले तेवढे फुटले होते. फ्रिजवरचे अर्धेअधिक. लॅबमधल्या दाण्यांना मात्र एकूण एक पांढरे कोंब आले होते.

काकीने बोटाने ते कोंब एकदा चाचपले आणि तिथेच खाली बसली. रडली थोडी. भाऊ तर माझ्यासमोर ढसाढसा रडला, आणि मीही काही मागे राहिले नाही. काका तेवढा वाफा उकरायला निघून गेला.

गेल्या कोजागिरीला आम्ही सगळे पुन्हा गावी होतो. कोपरा लहान झाला होता, पाच-सहा सुपं मांडली तर भरेल एवढाच, पण लालसर लोंब्या वाकून उभ्या होत्या. भावाने बाकीचं खाचर कापायला घेतलं आणि कोपऱ्याच्या बाजूला तो फिरकलाही नाही. मुलांनाही त्याने लांब ठेवलं. काकी गुडघ्यावर हात टेकत बांधावर चढली, स्वतः कोपरा कापला आणि भारा अंगणात आणून टाकला.

"पानं आना," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं ती चुकली. भाऊ घाईने म्हणाला, "काकी, हा मुडीचा. नव्याला दुसरा भात आणलाय मी."

"मुडीचा वेगला काढलाय. ह्यो तुमचा." तिने एकेक लोंबी आंब्याच्या पानावर ठेवायला सुरुवात केली. "गाडीत बांधू नका. फ्रिजला बांधा. बाय, तुझ्या यंत्राला दोन. आनि त्या पाचव्या माल्यावरच्या म्हातारीला आठवनीनं द्या. मिरगाला सगल्यांनी हातानं आनून द्यायचा, कुरियर नको."

"पण मुडी आहे ना?" मी विचारलं.

ती सोप पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "मुडी माल्यावर असते गो. मी गेल्यावर माल्यावर कोन चढनार होता? दाराला बांदलेला येता-जाता दिसतो तरी."

भाऊ तिच्या शेजारी जाऊन बसला, एक पान घेतलं, त्यावर लोंबी ठेवली आणि म्हणाला, "गाठ कशी मारायची ते दाखव."