तिले इचार

आईला जाऊन महिना उलटला. घरात माणसं कमी झाली म्हणण्यापेक्षा बोलणं कमी झालं, कारण आमच्या घरातलं बोलणं तिच्यातूनच ये-जा करायचं...

वाशिमकडून पुण्यात आलो तेव्हा कात्रजला पत्र्याची एक खोली होती. बाबा ठेकेदाराकडे हेल्पर, आई मंडईत गोणपाट टाकून मेथी-कोथिंबीर विकायची आणि उरलेली, माना टाकलेली भाजी आम्ही खायचो. मी लहान होते तोवर सुट्टीच्या दिवशी बाबा मला खांद्यावर बसवून सर्पोद्यानात न्यायचे. "पाह्य माय, अजगर!" आमच्याकडे लेकीला लाडानं माय म्हणतात. मी मोठी होऊ लागले आणि ते थांबलं. धाकट्या भावाशी त्यांची कुस्ती चालायची, "ये रे पैलवान" म्हणत त्याला चादरीवर लोळवायचे. मला मात्र जे सांगायचं ते आईमार्फत. भिंतीशी बाबा, दाराशी मी आणि मधे स्टोव्हपुढे पाटावर आई.

"तिले इचार, जेवली काय?"

"तुमच्यासमोरच तं बसली हाये. तोंड नाई काय तुमाले?" असं म्हणून आई तरीही वळून मला विचारायची.

मी बारावी झाले तेव्हा जेवताना बाबा म्हणाले, "तिले सांग, बस झालं. कॉलेज कायले पाह्यजे? कंपनीत लाग म्हना." आईनं तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा म्हनतात, मन लावून शिक."

बाबांचा घास हातातच राहिला... निरोप चुकीचा आहे हे सांगायचं तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. ते बोलले नाहीत. मी कॉलेजात गेले.

पुढे मला नोकरी लागली, स्वयंपाकाचा ओटा असलेलं घर आलं, तरी भाकऱ्या आई खाली पाटावर बसूनच करायची. तिचं दिवसकार्य आटोपल्यावर भाऊ पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला, त्या दुपारी मी बाबांना वाढलं. सवयीनं ते पाटाकडे बघून म्हणाले, "तिले इचार, ऑफिसात कधीपासून..." आणि थांबले. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. वाटलं, आता हे असंच राहणार, एका घरात दोघं मुके. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी कॉलेजचं... म्या तसं म्हटलं नव्हतं, माय."

"माहीत आहे, बाबा."

"बरं केलं तिनं."

हिंजवडीची बस मी पुन्हा धरली आहे. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि माझे बाबा आता माझ्याशी बोलतात. थोडंच, पण थेट. पाट आम्ही हलवलेला नाही. त्यांना उत्तर देताना माझी नजर अजून आधी तिथंच जाते.